पंचांगात नसलेला रविवार

होळी उलटली की आमच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बँडवाल्यांचा सराव सुरू होतो. दुपारचे चार वाजले, ऊन जरा कलतंय न कलतंय तोच क्लॅरिओनेटवाला एकच ओळ दहा दहा वेळा घोळवायला लागतो. मधेच चुकतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून. परभणीत लगीनसराई आली हे लोकांना बस्त्याच्या गर्दीवरून कळत असेल, वऱ्हाडानं भरलेल्या एसटीवरून कळत असेल. मला ते या चुकणाऱ्या ओळीवरून कळतं. कुणाचं तरी काम द्यायचं राहून गेलंय, कुणीतरी दारात उभं आहे आणि आपण वर बघत नाही, असं वाटत राहतं. प्रेस बंद होऊन किती वर्षं झाली, तरी दर चैत्रात ते वाटतंच.

या वर्षी त्यात सूनबाईनं भर घातली. दुकान आता ती चालवते. जिथं आमचं छपाईचं ट्रेडल मशीन धडधडायचं तिथं तिचा कॉम्प्युटर आहे, आणि लग्नपत्रिका पडद्यावर तयार होतात. हुशार आहे, कामाला वाघ आहे. कुठलं काम कधी द्यायचं ते सगळं तिच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि तो मोबाइल वेळोवेळी तिला हाक मारतो. परवा चहा देता देता म्हणाली, "मामा, पेठेतल्या दुकानदारांचा मेळावा हाय. छोट्या धंद्यात वेळेचं नियोजन, असा विषय ठेवलाय. तुम्हीच बोलायचं."

"मी कशाला? मला काय कळतं त्यातलं?"

"असं कसं? तुमची खुंट्यांची फळी सगळ्या गावाला माहीत होती. आम्ही आता मोबाइलवर करतो ते तुम्ही तेव्हा लाकडावर करत होतात. आणि रविवारच्या खुंट्या! त्या कशा सुचल्या तेवढं तर सांगाच."

मी चहा निवू दिला. रविवारच्या खुंट्या कशा सुचल्या ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

फळीचं मात्र सांगतो. माझ्या वडिलांच्या काळात आमचा प्रेस म्हणजे नुसता गोंधळ. मजकुराचे कागद शाईच्या डब्याखाली, पंख्याच्या वाऱ्यानं टेबलाखाली, एकदा तर शेंगदाण्याच्या पुडीला गेलेले. एका नवरदेवाच्या पत्रिका त्याच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी तयार झाल्या होत्या, आणि वडील त्याला सांगत होते की आठवण म्हणून ठेवा. धंदा माझ्या हातात आला तेव्हा मी पंचविशीतला, अंगात शिस्तीची भलतीच खुमखुमी. सुताराकडून एक लांब सागवानी फळी करून घेतली, तिच्यावर ओळीनं खुंट्या ठोकल्या. पाडव्याला नवं पंचांग आणायचं, त्यातले लग्नाचे मुहूर्त काढायचे, आणि एका मुहूर्ताला एक खुंटी. खाली खडूनं तारीख. गिऱ्हाईक पायरी चढलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "मुहूर्त कोणता?" त्यानं सांगितला की मजकुराचा कागद भोक पाडून त्या खुंटीला. मुहूर्ताच्या बरोबर अठरा दिवस आधी त्या खुंटीवरचे सगळे कागद खाली उतरायचे आणि पत्रिका छापून गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या. अठराच का? चार दिवस पत्ते लिहायला, सात दिवस पोस्टाला आणि सात दिवस सोयऱ्याधायऱ्यांच्या रुसव्याफुगव्याला. हा हिशेब मी स्वतः बसवला होता आणि तो कधी चुकला नाही.

सकाळी टाइप जुळवायचा, दुपारी छापायचं. काळी शाई रोज, लाल आणि केशरी फक्त बुधवारी आणि शनिवारी, कारण रंग बदलायचा म्हणजे मशीनचे शाईचे रूळ रॉकेलनं धुवावे लागत आणि त्यात तास जायचा. तो तास वाचवल्याचा मला इतका अभिमान होता की बुधवारी लाल अक्षरं निघायला लागली की मी उगीच मशीनभोवती फिरत राहायचो. आजही कुठं रॉकेलचा वास आला की मला बुधवार वाटतो.

ज्या उन्हाळ्याबद्दल बोलतोय तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. दोन वर्षं लग्नं अडून बसली होती. घरातली माणसं खडी फोडायला जात होती, तिथं वाजंत्री कुठून वाजणार? मग पावसानं हात दिला, ज्वारी झाली, आणि तुंबलेली सगळी लग्नं एकाच उन्हाळ्यात सुटली. माझ्या फळीवरच्या खुंट्या कागदांनी वाकल्या. बाहेर डांबर पातळ झालेलं, आत पत्रा तापलेला, माठातलं पाणी दुपारी दोनपर्यंत संपायचं. मी मात्र खूष. गल्लीतले दुकानदार फळी बघायला यायचे. कापडवाला म्हणाला, "तुमी तर कलेक्टर कचेरी चालवायलात राव." मला ते लय गोड वाटलं होतं.

टाइप जुळवणारे आमचे कंपोझिटर चाँदभाई. वडिलांच्या वेळेपासूनचे. शाळा सगळी उर्दूतून झालेली, पण मराठी टाइप बोटांनी ओळखायचे. खण न बघता अक्षर उचलायचे, आणि माझ्या फळीकडे कधी ढुंकून बघत नसत. "मालक, फळी तुमची, हात माजे," एवढंच म्हणायचे.

अशा गर्दीत एका सकाळी पिंगळीच्या गाडीनं खिल्लारे गुरुजी आले. प्राथमिक शाळेत शिक्षक. पांढरा शर्ट, खिशाला पेन, घामानं चिकटलेले केस, पण मजकुराच्या कागदाला कुठं घडीची चूण नाही. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. अक्षर असं की तसंच छापावं. वर ‘नमो बुद्धाय’, खाली नावं, वार, वेळ, आणि शेवटी ‘आपल्या येण्याची वाट पाहतो आहोत’. मग त्यांनी रुमाल सोडला आणि लाकडावर बसवलेला बुद्धाचा एक छोटा ठसा माझ्यापुढं ठेवला.

"तुमच्याकडं नसंल म्हणून औरंगाबादेहून करून आणला."

खरंच नव्हता. माझ्याकडं गणपती चार मापांचे होते.

सवयीनं मी विचारलं, "मुहूर्त कोणता?"

"मुहूर्त न्हाई मालक. आमी मुहूर्त बघत न्हाई. रविवार धरलाय, सकाळी अकरा. सुट्टीमुळं समद्यांना येता येतं."

मी वळून फळीकडे बघितलं. त्या रविवारला खुंटी नव्हती. त्याच्या आधीच्या मुहूर्ताची खुंटी गच्च भरली होती. नंतरची, बारा दिवस पुढची, रिकामी होती. मी कागद तिला अडकवला. मनात काय आलं तेही लख्ख आठवतं. मुहूर्तच नाही तर घाई कसली, असं आलं.

"वेळेवर मिळतील ना? आमच्या घरातली ही पैली पत्रिका हाय."

"गुरुजी, फळी बघा. इथं उशीर होत नसतो."

लग्नाला तेव्हा महिना होता. ते निघाले तेव्हा पायरीवर थांबून त्यांनी फळी खालून वर पुरती बघितली, शिक्षक दुसऱ्या शाळेचा फळा बघतात तशी.

नियोजनातली खोड तिथंच होती, आणि इतकी साधी की सांगायला लाज वाटते. कागदावरची तारीख आम्ही वाचतच नव्हतो. वाचायचो ती खुंटीखालची. एकदा कागद खुंटीला गेला की तो त्या मुहूर्ताचा झाला. गुरुजींच्या बहिणीचं लग्न माझ्या फळीनं परस्पर बारा दिवस पुढं ढकललं होतं. म्हणजे अठरा दिवसांच्या नियमानं पत्रिका निघणार त्या लग्नाच्या आधी सहाच दिवस. हे मला कळायला एक बेरीज-वजाबाकी पुरली असती.

चाँदभाईंनी तो मजकूर दुसऱ्याच दिवशी जुळवला. ठसा वर बसवला, दोरीनं बांधला आणि टेबलाखाली सरकवून ठेवला. पुढं तो तिथंच. चार दिवसांनी म्हणाले, "मालक, गुर्जीचा मजकूर बांधून पडलाय. दोनशे पत्रिका, घंट्याभराचं काम. छापून टाकू, माजा टाइप बी मोकळा हुईल."

"नंबर येऊ द्या, चाँदभाई. एकदा फळी मोडली की मोडली."

त्यांनी पुढचा मजकूर जुळवायला घेतला. त्यांचं गप्प बसणं मला तेव्हा म्हातारपण वाटायचं.

गुरुजी लग्नाला पंधरा-सोळा दिवस असताना आले. मी फळीकडे बोट दाखवलं. दहा दिवस असताना आले. मी पुन्हा बोट दाखवलं. ते दारातल्या बाकड्यावर अर्धा तास बसले, पाणी प्यायले आणि परतीच्या गाडीला गेले. एकदाही आवाज चढवला नाही. आज वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं. भांडणारं गिऱ्हाईक आलं की मी लगेच उठायचो. शहाण्या माणसाला थांबायला लावणं फार सोपं असतं, आणि हे मला माहीत होतं.

मग तो सोमवार आला, ज्या दिवशी माझ्याच नियमानं त्यांचा कागद खाली उतरायचा होता. सकाळी दहाला दारात जीप थांबली. बाहेरगावचे एक बडे पाटील. मुलाचं लग्न एकाएकी ठरलेलं, मुहूर्त जवळचा, दोन हजार पत्रिका, दोन रंगांत. मी त्यांना खुर्ची दिली. त्यांचा कागद खुंटीला अडकवलाच नाही, सरळ चाँदभाईंच्या हातात दिला. सोमवार असून लाल शाई काढली. रूळ धुवायचा तास गेला, त्याचं काहीच वाटलं नाही. चाँदभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खणाकडे वळले.

हे चालू असतानाच गुरुजी पायरी चढले.

"आज देतो म्हणला होतात."

"मशीन गुंतलंय गुरुजी. शुक्रवारी या." आणि वर हसून म्हणालो, "तुम्हाला काय, सुट्ट्याच आहेत शाळेला."

 ओल्या लाल पत्रिका दोरीवर वाळत होत्या, त्यांच्याकडे गुरुजींनी बघितलं. मग "बरं," म्हणाले आणि गेले.

मी नंतर या "बरं"चा फार विचार केलाय. रागाचं नव्हतं ते. रोजच्या सवयीचं होतं. हापिसात, दुकानात, तलाठ्याच्या दारात ज्याला नेहमी पुढची तारीख मिळते त्या माणसाचं ते बरं होतं. आणि मी, ज्याला आपण कुणाशी भेदभाव करत नाही याची पक्की खात्री होती, त्यांना आणखी एक तारीख दिली होती.

शुक्रवारी दुपारी पत्रिका छापल्या. चाँदभाईंनी म्हटलं होतं तसा एक तास लागला. बरोबर एक. बुद्धाचा ठसा स्वच्छ उमटला, कडेला कुठं डाग नाही. मला वाटलं, चला, सुटलो. गुरुजी आले, पत्रिका हातात घेतली, लांब धरून बघितली.

"सुंदर छापलीय," ते म्हणाले.

"उशीर झाला जरा. पण तुम्ही पोस्टकार्डं टाकली असतील ना?"

"टाकली असती. पर तुमी दर येळेला पुढचा दिवस द्यायचात. वाटायचं, आता मिळतीलच, दोन-दोन कागद कशाला धाडायचे." त्यांनी पत्रिका गठ्ठ्यावर नीट परत ठेवली. "बाबा फिरायलेत आठ दिसापासून."

"कोण बाबा?"

"माझे वडील. गावोगाव जाऊन सांगायलेत."

मी म्हणालो, "अरेरे, या उन्हात!" आणि माठाकडे हात केला. त्यांनी पाणी घेतलं नाही. बाकड्यावर बसले आणि वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगितलं.

"आधी आमच्या घराकडं सांगाव्याचं काम होतं मालक. गावात कुनी वारलं, की परगावच्या त्यांच्या सोयऱ्याला सांगायला आमच्या घरचा मानूस पायी जायचा. ऊन असो, पानी असो. सांगायचं अन् उंबऱ्याबाहेरूनच फिरायचं. बाबांनी निम्मं आयुष्य त्येच केलं. दीक्षा घेतली त्या दिवशी घरी आले अन् हातातली काठी चुलीत घातली. म्हणले, आता कुनाचा सांगावा घिऊन ह्ये पाय चालनार न्हाईत. पत्रिका छापायची ही हौस माझी न्हवं, त्यांची हाय. लेकीचं लगीन कागदानं कळवायचं, आपन घरात बसायचं."

मशीन बंद होतं. चाँदभाईंचे हात खणावर थांबले होते.

"येलदरीला आत्या हाय, तिकडं एसटीनं गेले. बाकीची गावं पायीच. काल गंगाखेडच्या अंगाची झाली."

त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला. ठसा रुमालात बांधून परत घेतला. चाँदभाई उठले, त्यांच्याबरोबर पायरीपर्यंत गेले आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सूनबाईला हे कसं सांगू? ती म्हणेल, चूक झाली, माणसाकडून होते. ढिसाळ माणसाकडून उशीर झाला तर त्याला माफी तरी मागता येते. माझ्याकडून उशीर झाला तो अगदी व्यवस्थितपणे झाला. फळी होती म्हणून मला कुणाला नाही म्हणावं लागत नव्हतं. नुसतं बोट दाखवायचं. तोंड वाईट होत नव्हतं, मन खात नव्हतं. आणि ज्या दिवशी पाटील आले त्या दिवशी मला फळी दिसलीसुद्धा नाही. एक खुंटी ठोकायला किती वेळ लागला असता? हातोडी समोरच्या खणात होती. आलेला माणूस कोणत्याच खुंटीला बसत नसेल, तर त्याला रिकाम्या खुंटीला टांगायचं, ही माझी रीत होती, आणि तिला मी शिस्त म्हणत होतो.

पुढच्या पाडव्याला मी फळीवर सगळ्या रविवारांच्या खुंट्या ठोकून घेतल्या. त्याचंही कौतुक झालं. मालकांनी मुहूर्त न बघणाऱ्यांचीही सोय केली, असं लोक म्हणाले. त्या खुंट्यांना पुढं भरपूर कागद लागले, आणि मी ते कौतुक नुसतं मान हलवून घेतलं. सूनबाईपर्यंत पोचलंय ते एवढंच. मेळाव्यात उभं राहून मी तेवढंच सांगितलं तर टाळ्या पडतील. त्या टाळ्यांची मला भीती वाटते.

त्या रविवारी मी पिंगळीला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. चाँदभाईंना म्हटलं, चला, तर म्हणाले, "तुमीच जावा मालक. तुमाला जायाला पायजे." प्रेसमध्ये प्रत्येक कामाची एक प्रत ठेवून घेतो, ती पत्रिका खिशात घातली. वेळ तिच्यावरच बघितली. गाडीत खिडकीतून गरम वारा येत होता, आणि डोळ्यांपुढं मी रिकामा मांडव आणत होतो. चार माणसं, कोपऱ्यात रडणारी नवरी. खरं सांगायचं तर थोडं तसं असावं असंही वाटत होतं. म्हणजे मग हात जोडून मोकळं होता आलं असतं.

मांडव भरलेला होता. शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका, पोरं, धोतरं, पॅंटी, डोईवर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, येलदरीकडून आलेली मासे पकडणारी काळीसावळी माणसं. वंदना सुरू झाली तसा सगळा मांडव एकदम गप्प झाला, आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज उठला. मी मागं उभा होतो. हात जोडावेत की नाही कळेना, म्हणून जोडले.

लग्न लागल्यावर गुरुजींनी मला बघितलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. जवळ आले आणि मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेले. अंगानं काटक, पांढरं स्वच्छ धोतर, आणि दोन्ही पायांच्या टाचांना फडकी बांधलेली. शेजारी माझ्याच छापखान्याचा गठ्ठा होता. वरची दोरी तशीच, सोडलेली नव्हती.

"बाबा, हे पत्रिका छापनारे मालक."

म्हाताऱ्यानं हात जोडले. "जय भीम." मी काहीतरी पुटपुटलो. वाकून पायाला हात लावायला गेलो तर त्यांनी पाय मागं घेतले. दुखत असावेत.

"बाबा, माझ्यामुळं तुम्हाला..."  खिशातली पत्रिका मी उगीचच बाहेर काढली होती आणि ती हातात तशीच धरून उभा होतो.

त्यांनी पत्रिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. भरलेल्या मांडवावरून एकदा नजर फिरवली. हसले. त्या हसण्यात टोमणा असता तर मी आज एवढ्या वर्षांनी हे लिहीत बसलो नसतो. खरोखरच आनंद झाला होता त्यांना.

"या, या. बसा पंगतीला," म्हणाले. "हे समदे आले, ह्येंच्या दाराला मी सवता जाऊन आलो. कागद वाचून आलेला पावना तुमी एकलेच."